सुरतेच्या डॉक्टरीणबाई : डॉ. रखमाबाई

स्मरणिका समितीची तरुण मंडळी लेख मागायला घरी आली तेव्हा मी आधी काचकूच केली. बँकेत छत्तीस वर्षे काढली, पण लिहिले काय, तर कर्ज-प्रस्तावावरचे शेरे आणि तपासणीच्या अहवालाला उत्तरे. सोसायटीचा इतिहास चेअरमनसाहेब लिहिताहेत, तुम्ही एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्या, असे त्यांनी सुचवले. कोणाचे, तर ते तुमच्या मनाने. मग माझ्या लक्षात आले की आपल्या तिन्ही विंगांत मिळून यंदा पाच मुले नीटच्या परीक्षेची तयारी करताहेत, आणि त्यातल्या चार मुली आहेत. रात्री साडेअकरालाही त्यांच्या खिडक्यांत दिवा दिसतो. त्या पोरींसाठी एक नाव माझ्याजवळ होते. डॉ. रखमाबाई.

हे नाव मला पुस्तकात नाही, काउंटरवर सापडले. १९८६ साली बँकेने माझी बदली सुरतेला केली. आपल्याकडच्या माणसाला सुरत परकी नाही. रावेरहून भुसावळ गाठायचे, तिथून सुरत पॅसेंजर धरायची, की सकाळी उधना. आपल्या तालुक्याच्या कडेने जी तापी वाहते तीच सुरतेत शहराला वळसा घालून समुद्राला मिळते. खानदेशातली किती कुटुंबे तिथे लूमवर, साड्यांच्या बाजारात पोटाला लागली आहेत, ते वेगळे सांगायला नको. तर आमच्या शाखेत दर महिन्याच्या एक तारखेला एक वृद्ध गुजराती बाई पेन्शन घ्यायला यायच्या. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की त्यांचा जन्म एका मराठी डॉक्टरीणबाईंच्या हातून झाला. मी नाव विचारले. त्यांनी सांगितले, आणि मला ते मुळीच माहीत नव्हते! बी. कॉम. झालेला, रोज पेपर वाचणारा मी, ओशाळलो. पुढे मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले रखमाबाईंचे चरित्र मिळवून वाचले. नंतरही जिथे जे मिळाले ते वाचत गेलो.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. मुलगी दोन-अडीच वर्षांची असतानाच वडील वारले. आईचे वय तेव्हा आज आपण जिला कॉलेजात पाठवतो तिच्याइतकेही नव्हते. पण त्यांच्या सुतार समाजात विधवेला दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केले. लग्नाआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आम्हा बँकवाल्यांना सवय असते, कुठलाही तंटा पाहिला की आधी मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते पाहायचे.

सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि रुग्ण पाहत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती : एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. अशा घरात रखमा वाढली. घरात औषधांच्या बाटल्या, झाडपाल्याचे नमुने, आणि सुधारकांची ऊठबस.

तरीही ११ व्या वर्षी तिचे लग्न झालेच. सुधारकाच्या घरातही त्या काळी एवढे चालायचेच. नवरा दादाजी भिकाजी, १९-२० वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. ठरले असे होते की जावयाने सासरेबुवांकडे राहून शिकायचे आणि काहीतरी व्हायचे. तो काही शिकला नाही. शाळा नकोशी झाली, तब्येतही धड नव्हती, आणि शेवटी तो आपल्या मामाकडे जाऊन राहिला. इकडे मुलगी वयात आली. रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याकडे धाडायचे, असा आग्रह सुरू झाला. सखाराम अर्जुनांनी नकार दिला. ते डॉक्टर होते. इतक्या कोवळ्या शरीरावर संसार लादला तर काय होते, हे त्यांनी आपल्या धंद्यात पाहिलेले असणार. माझ्या मते रखमाबाईंची डॉक्टरकी खरी इथून सुरू होते. एका डॉक्टराने शास्त्राच्या जोरावर आपल्या घरातल्या एका मुलीचे शरीर वाचवले, आणि त्या मुलीने ते पाहिले.

मुलगी माहेरीच राहिली. शाळा सुटलेली, म्हणून मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून घरीच वाचू लागली. आईला हे वाचन फारसे रुचत नव्हते, म्हणतात. इंग्रजी सुधारले, विचार पक्के झाले. अशी काही वर्षे गेली.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस धाडली. बायको नांदायला पाठवा. रखमाबाई तेव्हा १९ वर्षांच्या. त्यांनी जायला नकार दिला. मुद्दा एवढाच की ज्या वयात होकार-नकार कळत नाही त्या वयात लागलेले लग्न मला बांधून घालू शकत नाही. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. ऐन लढाईच्या तोंडावर पाठीशी उभा असलेला माणूस गेला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे छापून आली, ती रखमाबाईंचीच होती, हे पुढे उघड झाले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. ज्या जोडप्याचा संसार सुरूच झाला नाही त्यातल्या बाईला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी लोटणे त्यांना पटले नाही, आणि असला दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रातला नसून विलायती कायद्यातून इकडे आला आहे, असेही त्यांनी दाखवले. रखमाबाई जिंकल्या. पण अपिलात तो निकाल फिरला आणि प्रकरण परत खाली आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. बावीस वर्षांची बाई, वडिलांचे छत्र नाही, आणि ती कोर्टाला सांगते की मला बेड्या चालतील, हे घर चालणार नाही. सगळ्या देशात खळबळ उडाली.

समाजाचे उघड दोन तट पडले. टिळकांचा केसरी त्यांच्या विरोधात होता. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घरात शिरू नये, ही त्यामागची भूमिका. उलट बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने. टिळकांबद्दल मला लहानपणापासून भक्ती आहे, दर गणेशोत्सवात आपण त्यांचा फोटो लावतो, ती कमी होणार नाही. पण या एका बाबतीत ते चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसांच्या चुका झाकून त्यांचा मोठेपणा वाढत नाही.

१८८८ साली तंटा मिटला. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन डिक्रीची अंमलबजावणी सोडून दिली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर वन टाइम सेटलमेंट. ना रखमाबाई तुरुंगात गेल्या, ना नवऱ्याकडे. कायद्याच्या नजरेत लग्न मात्र मोडले नाही. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारावर आले, त्या चर्चेला या खटल्याने मोठे बळ दिले होते.

आता मुख्य गोष्ट. एवढे होऊन बाई सुटल्या खऱ्या, पण सुटून करायचे काय? घरी बसून मालमत्तेवर जगता आले असते. मुंबईत तेव्हा डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई होत्या. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात बायकांना वैद्यकी शिकू द्या म्हणून १८६९ पासून ज्या सात जणी भांडल्या, त्यांतल्या त्या एक. १८८३ साली त्या मुंबईत आल्या आणि नव्याने निघालेल्या कामा हॉस्पिटलचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकीकडे वळवले आणि पैसे उभे करायलाही मदत केली. इंग्लंडमध्ये मॅक्लॅरेन दांपत्यासारख्या हितचिंतकांनी आधार दिला. १८८९ साली रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या कॉलेजात दाखल झाल्या. वय २४.

हे वय मी मुद्दाम लिहितो. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, २२ वर्षांच्याही होण्याआधी, क्षयाने गेल्या. त्यांना रुग्ण तपासायचे भाग्य मिळालेच नाही. आनंदीबाई गेल्या त्याच्या आठवडाभरानंतर रखमाबाईंवर तुरुंगाचा हुकूम झाला! दोघी जवळपास एकाच वयाच्या. एकीची डॉक्टरकी संपली तेव्हा दुसरीच्या मनात तिचा पत्ताही नसावा. १८९४ साली रखमाबाईंचे शिक्षण पुरे झाले. स्कॉटलंडचा परवाना आणि ब्रुसेल्सची एम. डी. घेऊन त्या परत आल्या तेव्हा ३० च्या घरात होत्या. तिकडे कलकत्त्याला कादंबिनी गांगुली आधीच व्यवसाय करत होत्या, म्हणून पहिली कोण हा वाद मी घालत नाही.

इथे थोडे घरचे सांगतो. माझी धाकटी मुलगी १९९५ साली बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. मेडिकलला जागा मिळत होती, पण गाव लांबचे होते, आणि होस्टेल, पाच-साडेपाच वर्षे, त्यानंतर पुन्हा पुढचे शिक्षण. त्याच उन्हाळ्यात चांगले स्थळ चालून आले. मी हिशेब मांडला. माणूस बँकेतला, हिशेब फार चटकन मांडतो. मोठीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे होते, मुलीचे वय वाढत जाणार होते, आणि डॉक्टर होईपर्यंत ती पंचविशीला पोचणार, मग तिला तेवढा शिकलेला मुलगा कुठून आणायचा? तिला बी.एस्सी.ला घातली आणि विसाव्या वर्षी लग्न लावून दिले. जावई सोन्यासारखा आहे, तिचे छान चालले आहे, शाळेत विज्ञान शिकवते. तिने कधी बोलून दाखवले नाही. पण रखमाबाईंनी सुरुवातच २४ व्या वर्षी केली हे मला तेव्हाही ठाऊक होते, कारण ते पुस्तक माझ्याच कपाटात होते. वाचलेले असूनही ते उपयोगी पडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

असो. परत सुरतेकडे.

मुंबईला कामा हॉस्पिटलमध्ये थोडे काम करून रखमाबाई १८९५ साली सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात प्रमुख म्हणून गेल्या. मुंबईत राहिल्या असत्या तर ओळखीचे लोक होते, सुधारक मंडळी होती. सुरतेत कोणी नव्हते, भाषाही वेगळी. आणि इस्पितळ असून बायका येत नव्हत्या. दवाखान्यात बाळंत होणे अशुभ, तिथे मरायलाच जायचे, अशी समजूत. आणि पुरुष डॉक्टरला तर नाडीसुद्धा दाखवायची नाही.

तरुण वाचकांना हे खोटे वाटेल, म्हणून आपल्या घरचेच उदाहरण देतो. आमच्या आईची सगळी बाळंतपणे घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, बाजेवर, सुईणीच्या हातून झाली. खाली शेगडी, दाराला गोणपाट, खिडकी बंद. माझी एक आत्या पहिलटकरीण असताना दोन दिवस अडली होती. बैलगाडीने भुसावळला न्यावे असा विषय निघाला, पण पुरुष डॉक्टर हात लावील या भीतीने घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी नेऊ दिले नाही. ती गेली आणि मूलही गेले. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, म्हणजे रखमाबाई सुरतेत आल्या त्यानंतर कितीतरी वर्षांची. तापी तीच, फक्त टोक वेगळे. रावेरला तेव्हा कोणी रखमाबाई नव्हती.

सुरतेत त्यांनी काय केले त्याची एक गोष्ट सांगतात. एक गाभण शेळी त्यांनी इस्पितळात आणून ठेवली. ती तिथेच व्याली, शेळी खुशाल आणि करडूही खुशाल. आजूबाजूच्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिले. मुके जनावर इथे सुखरूप बाळंत होते तर आपल्याला काय धाड भरली आहे, असे त्यांना वाटले आणि हळूहळू बायका येऊ लागल्या. लंडन, ब्रुसेल्स सगळे एकीकडे आणि ही शेळी एकीकडे. आम्ही खेड्यात नवीन शाखा उघडायचो तेव्हा पहिले खाते सरपंचाचे काढायचो, कारण त्याचे पैसे परत मिळतात हे दिसले की गाव येते. रखमाबाईंनी त्या शेळीचे खाते पहिले उघडले, असे मी आमच्या स्टाफला गमतीने सांगायचो. पण यातली खरी गोष्ट अशी की त्या बायकांच्या समजुतीला हसत बसल्या नाहीत. भीती खरी आहे असे धरून त्यांनी उपाय केला. आजच्या डॉक्टर मंडळींना, आणि ते आपल्या सोसायटीतही आहेत, हे सांगायचा मला अधिकार नाही. तरी रुग्ण म्हणून सांगतो, आम्हाला औषधाआधी भीतीवर उपचार लागतो.

सुरतेत त्या वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्या काळात प्लेगची साथ आली, दुष्काळ आले. इस्पितळ चालू राहिले, आणि बायकांना शिकते करण्याचे कामही त्या इस्पितळाबाहेर करत राहिल्या. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे आपल्याकडच्या भागात येऊन पोचली. त्या गाडीने इकडची एखादी अडलेली बाई सुरतेला गेली असेल का, हा विचार मला त्या पॅसेंजरमध्ये बसल्यावर नेहमी यायचा.

१९०४ साली दादाजी वारले. मग रखमाबाईंनी एक गोष्ट केली, ती भल्याभल्यांना कोड्यात टाकते. त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या माणसाला नवरा मानायला नको म्हणून तुरुंगाची तयारी ठेवली, त्याच्या मरणानंतर वैधव्य पाळायचे? यावर आमच्या घरात बरेच बोलणे झाले आहे. माझे म्हणणे असे की कायद्याने लग्न मोडलेच नव्हते, आणि बाई नियमाच्या पक्क्या, म्हणून त्यांनी ते निभावले. आमच्या सौभाग्यवतींना हे बिलकूल पटत नाही. त्यांच्या मते पांढऱ्या साडीतल्या बाईला कुठल्याही घराच्या माजघरापर्यंत जाता येते, कोणी बोट दाखवत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते कामासाठी केले असेल. मी बँकेतला, मी कागद पाहतो. त्यांनी माजघर पाहिले. त्यांचेच बरोबर असेल, असे अलीकडे वाटू लागले आहे.

त्यांनी दुसरे लग्न मात्र केले नाही. वेळ, पैसा, घर, सगळे दवाखान्यात. १९१८ च्या सुमारास सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेत बढतीची जागा चालून आली, ती नाकारून त्या काठेवाडात राजकोटच्या बायकांच्या इस्पितळात गेल्या. मोठी शाखा सोडून लहान शाखा मागून घेणारा अधिकारी मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. (मीही त्यातला नाही.) राजकोटला रेडक्रॉसची शाखा त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. १९३० च्या आसपास निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. डॉक्टरकीची एकूण वर्षे साधारण ३५. निवृत्तीनंतरही स्वस्थ बसल्या नाहीत, पडदा पद्धत बंद करा म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून, त्या मुंबईत गेल्या. स्वराज्य पाहिले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाहाचा नवा कायदा झालेलाही पाहिला. त्यात मुलीच्या लग्नाचे वय १५ धरले होते आणि घटस्फोटाची सोयही होती. सत्तर वर्षांपूर्वी त्या ज्यासाठी कोर्टात उभ्या राहिल्या ते कागदावर आले, आणि पुढे चार महिन्यांत त्या गेल्या.

२०१७ साली त्यांच्या जन्मदिवशी गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले होते. सकाळी नातवाने मोबाईल पुढे धरून या कोण आजी म्हणून विचारले. मी सांगत बसलो आणि त्याची स्कूल व्हॅन चुकली. त्यावरून मला घरात ऐकून घ्यावे लागले!

हा लेख समितीकडे देण्याआधी मी धाकट्या मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, आणि शेळीचे पिल्लू कोकरू नसते, करडू असते, हेही दाखवून दिले. तिच्याबद्दलचा परिच्छेद काढू का, असे मी विचारले होते. त्यावर दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी कळवले की राहू द्या, बी विंगमधल्या मुलींच्या वडिलांनी तो वाचावा. म्हणून ठेवला आहे.